सही महादजींची, मंजुरी नानांची

ग्वाल्हेरच्या मराठी घरात साल्बाईच्या तहावर वाद घालायला निमित्त लागत नाही. आमच्या वन्सं इथल्याच, शहराच्या लष्कर भागात वाढलेल्या, पण लग्न होऊन सदाशिव पेठेत गेल्या आणि पक्ष बदलून बसल्या. दिवाळीला माहेरी आल्या की चकल्यांबरोबर महादजी विरुद्ध नाना हा सामना ठरलेला. १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला, तो इथून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या साल्बाईत. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबादादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली, आणि महादजी दोन्ही बाजूंचे जामीन झाले. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने जूनमध्येच मान्यता देऊन टाकली. नाना फडणीस मात्र पुण्यात कागद दाबून बसले, ते थेट फेब्रुवारी १७८३ पर्यंत. मधे डिसेंबरात हैदरअली वारला. तो जिवंत होता तोवर इंग्रजांना ताटकळत ठेवण्यात नानांना फायदा दिसत होता.

आमच्याकडचं म्हणणं असं, की नानांना महादजींचं मोठेपण सोसवेना. वन्संचं म्हणणं, "सही काय, तंबूत बसून कुणीही करेल. गादीच्या वतीने हो म्हणायचं ते चार वेळा विचार करून." माझा कल या एका मुद्द्यापुरता वन्संकडे आहे. (हे वाचून त्या फोन करतील, माहीत आहे.) आणि त्याचं कारण पुणे नाही, अमेरिका आहे.

माझी सगळी नोकरी सरकारी ऑडिटमध्ये गेली. आमच्या धंद्यात सहीला फारशी किंमत नसते. व्हाउचरवर सही आहे, ठीक आहे. मंजुरी आदेश कुठाय? मंजुरी देणाऱ्याला तेवढा अधिकार होता का? आणि पैसा कुठल्या शीर्षाखाली निघाला? फाइलीवर हिंदीत "सक्षम अधिकारी की स्वीकृति संलग्न नहीं" एवढं एक वाक्य लिहिलं की समोरच्या खात्याची झोप उडायची. निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीला जायला लागले आणि तिथल्या वाचनालयातून अमेरिकेच्या इतिहासाची पुस्तकं आणू लागले, तेव्हा त्यांचे तह मी त्याच नजरेने वाचले. दुसरी नजर माझ्याकडे नाही.

सुरुवात त्यांच्या पहिल्याच मोठ्या तहापासून. ३ सप्टेंबर १७८३, पॅरिस. फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स आणि जॉन जे यांनी इंग्लंडकडून स्वातंत्र्याची कबुली लिहून घेतली. कलम असं होतं, की सहीपासून सहा महिन्यांत दोन्हीकडच्या मंजुरीच्या प्रतींची अदलाबदल व्हायला हवी. समुद्र ओलांडायला दोनेक महिने धरा. आणि अमेरिकेत मंजुरी द्यायची कोणी? तेव्हा आजची राज्यघटना नव्हती, तेरा राज्यांचा एक ढिला संघ होता, आणि तहासाठी नऊ राज्यांची संमती लागायची. काँग्रेस, म्हणजे या राज्यांच्या प्रतिनिधींची सभा, भरली होती मेरिलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला. हजर राज्यं सात! हिवाळा, बर्फ, खराब रस्ते, आणि लढाई संपल्यावर प्रतिनिधींना कशाला घाई असेल? काही जण म्हणू लागले, सातांवर भागवू, इंग्रजांना कुठे कळणार आहे. जेफर्सनने ते होऊ दिलं नाही. नऊ म्हणजे नऊ. शेवटी कनेक्टिकटचे लोक पोचले, आणि साउथ कॅरोलायनाचा बेरेसफोर्ड फिलाडेल्फियात आजारी पडला होता, तो अंथरुणातून उठून आला. १४ जानेवारी १७८४ ला नऊ भरले आणि मंजुरी झाली. पुढे जहाजं बर्फात अडकली, अदलाबदल मे महिन्यात झाली, मुदत टळून गेलेली. इंग्रजांनी मुदतीचा बाऊ केला नाही. एवढी वर्षं लढून मिळालेलं स्वातंत्र्य, आणि कोरम भरेना म्हणून कागद पडून! सात जणांवर भागवू म्हणणारे मला अगदी ओळखीचे वाटले. असे लोक प्रत्येक खात्यात भेटले.

(जाता जाता: १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनकडून हरलेला कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. ग्वाल्हेरचा किल्ला दौलतराव शिंद्यांना परत द्यावा हे १८०५ मध्ये त्याच्याच मनात होतं. आमच्या किल्ल्याचा पत्ता अ‍ॅनापोलिसच्या कागदांपासून फार लांब नाही.)

१७८७ च्या राज्यघटनेत त्यांनी ही गोष्ट पक्की बांधली. तह राष्ट्राध्यक्षाने करायचा, पण सेनेटचा, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाचा, सल्ला आणि संमती घेऊन, आणि हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत. युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा. सैन्याचा सेनापती राष्ट्राध्यक्ष. पैसा पुन्हा काँग्रेसचा. नाना आणि महादजी दोघांनाही एकाच कागदात बसवलं, आणि वर किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे दिल्या.

यातला "सल्ला" पहिल्याच वर्षी बुडाला. २२ ऑगस्ट १७८९ ला वॉशिंग्टन स्वतः सेनेटमध्ये गेला, दक्षिणेकडच्या आदिवासी जमातींशी करायच्या तहाबद्दल विचारायला. कागद वाचून दाखवले गेले, पण बाहेर रस्त्यावर गाड्यांचा इतका खडखडाट, की काही ऐकू येईना. खिडक्या लावाव्या लागल्या. मग मॅक्ले नावाच्या सदस्याने जुने कागद मागवले, दुसऱ्याने समितीकडे पाठवायचं सुचवलं. वॉशिंग्टन भडकला. मी इथे आलो त्याचा हेतूच यात नासला, असं म्हणाला. ही हकीकत मॅक्लेच्याच रोजनिशीत आहे. दोन दिवसांनी तो परत आला, काम उरकलं, आणि त्यानंतर असा सल्ला विचारायला कधी गेला नाही. पुढे रिवाज पडला तो हा, की आधी करार करून आणायचा आणि मग सेनेटपुढे टाकायचा. साहेबाला समोर बसवून "जुनी फाइल मागवा" म्हणणाऱ्या त्या मॅक्लेबद्दल मला मात्र आदरच आहे.

पण सेनेटपेक्षा माझं लक्ष प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाकडे, जास्त जातं. घटनेने त्याला तहात काही स्थान दिलेलं नाही, तरी पैसे त्याच्या हो म्हटल्याशिवाय निघत नाहीत. १७९४ मध्ये जॉन जेने इंग्लंडशी तह केला, तो लोकांना इतका नावडला की जेचे पुतळे जाळले. सेनेटमध्ये २० विरुद्ध १०, म्हणजे नेमके दोन तृतीयांश. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर संपलं होतं. मग अंमलबजावणीच्या खर्चाची मागणी प्रतिनिधिगृहात आली. तिथे म्हणाले, आधी वाटाघाटीचे कागद दाखवा. वॉशिंग्टनने साफ नाही म्हटलं. महिनाभर चर्चा, आणि ३० एप्रिल १७९६ ला ५१ विरुद्ध ४८ मतांनी खर्च मंजूर. त्याआधी समितीत मतं समसमान पडली, तेव्हा अध्यक्ष म्यूलेनबर्गने तहाच्या बाजूने मत दिलं. काही दिवसांत त्याच्या मेहुण्यानेच त्याला सुरी मारली. वाचला बिचारा. आमच्याकडे साल्बाईवरून अजून एवढं झालेलं नाही.

आता माझा सगळ्यात आवडता माणूस: निकोलस ट्रिस्ट. परराष्ट्र खात्यात मुख्य कारकून. जेफर्सनचा नातजावई. स्पॅनिश उत्तम यायचं. १८४७ मध्ये मेक्सिकोशी युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष पोकने त्याला तहाची बोलणी करायला पाठवलं. तिथे गेल्या गेल्या त्याचं अमेरिकन फौजेचा सेनापती जनरल स्कॉट याच्याशी वाजलं. दोघं एकमेकांना लांबलचक, जहरी पत्रं लिहायचे, एकाच छावणीत राहून. मग ट्रिस्ट आजारी पडला आणि स्कॉटने त्याला पेरूच्या जेलीचा डबा पाठवला. भांडण मिटलं, पुढे घट्ट मैत्री झाली. (लग्नातले रुसवे आपल्याकडेही असेच मिटतात, पण परराष्ट्र धोरण पेरूच्या जेलीवर चाललेलं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.)

नोव्हेंबरात वॉशिंग्टनहून हुकूम आला: परत ये. पोकला आता जास्त मुलूख हवासा वाटत होता. ट्रिस्टने विचार केला, समोर बोलायला तयार असलेलं सरकार आहे, ते उद्या पडलं तर तह करायचा कोणाशी? त्याने ६५ पानांचं पत्र लिहून कळवलं की मी येत नाही. अधिकारपत्र रद्द झालेला माणूस बोलणी करत बसला आणि २ फेब्रुवारी १८४८ ला ग्वादालूपे हिदाल्गो इथे तह करून मोकळा झाला. कॅलिफोर्नियासकट प्रचंड मुलूख, दीड कोटी डॉलरला. ऑडिटच्या भाषेत याहून मोठी अनियमितता शोधून सापडणार नाही. पोक संतापला. पण करणार काय? अटी त्यानेच आधी लिहून दिलेल्या होत्या. शिवाय जानेवारीतच प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी ठराव केला होता, की हे युद्ध राष्ट्राध्यक्षाने विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं. हा तह फेटाळला तर काँग्रेस पुढे माणसं आणि पैसा देईलच याची खात्री नव्हती. पुन्हा तीच चावी. तह सेनेटकडे गेला आणि १० मार्चला ३८ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला.

ट्रिस्टचं काय झालं? बडतर्फ. परत बोलावल्याच्या तारखेपासूनचा पगार आणि खर्च बंद. मुलूख घेतला, पण तो मिळवणाऱ्याचं प्रवासबिल नामंजूर! पैसे मिळाले ते १८७१ मध्ये, तेही काँग्रेसने खास मंजुरी दिल्यावर. मी त्या जागी असते तर काय शेरा मारला असता, यावर मी बराच विचार केला आहे. हुकूम मोडला म्हणून शिक्षा करा, हरकत नाही. पण मग त्याने केलेलं काम वापरायचं नाही. काम वापरलंत, की बिल द्यावं लागतं.

१९१९ ची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह राष्ट्राध्यक्ष विल्सनने स्वतः सेनेटमध्ये नेऊन दिला. परराष्ट्र समितीचा अध्यक्ष लॉज. त्याने सगळा मसुदा समितीत मोठ्याने वाचायला घेतला, दोन आठवडे, बहुतेक वेळ रिकाम्या खुर्च्यांपुढे. नंतर आपल्या अटी जोडल्या. विल्सन एकही अट मानेना. लोकांना समजवायला दौऱ्यावर निघाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पक्षाघाताने आडवा झाला. मार्च १९२० मध्ये अटींसह शेवटचं मतदान झालं: ४९ बाजूने, ३५ विरुद्ध. सात कमी पडले. विल्सनच्या सांगण्यावरून त्याच्याच पक्षाचे कितीतरी लोक विरोधात गेले, म्हणजे तह जितका लॉजने पाडला तितकाच विल्सनने. त्याच तहातला राष्ट्रसंघ अमेरिकेविना उभा राहिला.

पण मग जर्मनीशी युद्ध कायद्याने संपलं कधी? २ जुलै १९२१ ला, काँग्रेसच्या एका साध्या ठरावावर नवे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी सही केली तेव्हा. ती सही वॉशिंग्टनमध्ये नाही, न्यू जर्सीतल्या रॅरिटन गावात एका सेनेटरच्या घरी झाली, हार्डिंग गोल्फ खेळून आल्यावर. माझा मुलगा त्याच भागात राहतो. सुनेबरोबर वाणसामान आणायला निघाले होते, तर म्हटलं दाखव ती जागा. घर कधीच गेलं. आता रहदारीचा मोठा चौक, दुकानं, पार्किंग, आणि कडेला एक छोटासा फलक. सून म्हणाली, "आई, मी इथून रोज जाते, मला वाटलं कोणाच्या तरी जमिनीची हद्द असेल."

सेनेट इतकं छळते म्हटल्यावर राष्ट्राध्यक्षांनी वाटा शोधल्या नसत्या तरच नवल. १८४४ मध्ये टेक्सास सामील करून घेण्याचा तह सेनेटने ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. पुढच्याच वर्षी तेच काम दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावाने झालं, त्याला साधं बहुमत पुरतं. सप्टेंबर १९४० मध्ये रूझवेल्टने ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि बदल्यात नाविक तळ घेतले, ते राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारातला करार म्हणून. सेनेटकडे कागद गेलाच नाही. हे वाढत चाललं तेव्हा १९५४ मध्ये त्यावर घटनादुरुस्तीने लगाम घालायचा प्रयत्न झाला. ६० विरुद्ध ३१. दोन तृतीयांशाला एक मत कमी, म्हणून पडला.

व्हिएतनामच्या वेळी तर दोन्ही टोकं सुटली. युद्ध रीतसर पुकारलंच नव्हतं, १९६४ चा एक ठराव तेवढा होता. २७ जानेवारी १९७३ चा पॅरिसचा शांतता करार सेनेटपुढे आलाच नाही. वर राष्ट्राध्यक्ष निक्सनने दक्षिण व्हिएतनामचा राष्ट्राध्यक्ष थ्यू याला गुप्त पत्रांतून शब्द दिला होता, की उत्तरेने करार मोडला तर आम्ही पूर्ण ताकदीने उत्तर देऊ. ज्या काँग्रेसने त्या उत्तराचे पैसे द्यायचे, तिला ही पत्रं माहीत नव्हती. तिने त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून तिथल्या लढाईचा पैसा तोडला. नोव्हेंबरात निक्सनचा नकाराधिकार मोडून कायदा केला: सैन्य उतरवलं तर ४८ तासांत कळवा, आणि ६० दिवसांत मंजुरी घ्या. तेव्हापासूनचे राष्ट्राध्यक्ष कळवतात, पण त्या कायद्याला बांधील असल्याचं कबूल करत नाहीत. मला विचाराल तर या कायद्यापेक्षा पैसा तोडणारं ते कलम जास्त कामाचं निघालं.

आपण हसायला नको. आपल्याकडे तह करणं हे सरकारचं काम, संसदेची मंजुरी त्याला लागत नाही. जमीन द्यायची असेल तरच घटनादुरुस्ती. इंदिरा गांधी आणि मुजीब यांनी १९७४ मध्ये केलेला सीमाकरार म्हणूनच २०१५ पर्यंत लोंबकळला. आणि २००८ चा अणुकरार आठवा. त्याच्या मसुद्यावर अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांत मतदान झालं. आपल्या लोकसभेत मतदान झालं ते सरकार राहणार की पडणार यावर, २७५ विरुद्ध २५६. आमच्या ऑफिसात कँटीनचा टीव्ही लावून सगळे बघत होते, करारात काय लिहिलंय ते विचारणारा एकही नव्हता.

नकार देणाऱ्याचं मी इतकं कौतुक केलं, म्हणून त्याची एक काळी बाजूही सांगायला हवी. कॅलिफोर्निया ताब्यात आल्यावर १८५१-५२ मध्ये सरकारी आयुक्तांनी तिथल्या आदिवासी जमातींशी १८ तह केले. जमातींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा, बदल्यात ठरावीक प्रदेश त्यांच्यासाठी राखून ठेवायचा. ८ जुलै १८५२ ला सेनेटने बंद दाराआड सगळे फेटाळले आणि कागदांवर गुप्ततेचा शिक्का मारला. तो १९०५ मध्ये उठला. ज्यांनी अंगठे उठवले त्यांना कळवलंच नाही. त्यांची जमीन गेली, राखीव प्रदेश मिळाला नाही. नानांनी निदान हेस्टिंग्जला ताटकळत ठेवलं होतं, अंधारात नव्हे.

खटला झाला, १९४४ मध्ये भरपाई ठरली: एक कोटी सत्तर लाख डॉलरच्या आसपास. त्यातून सरकारने या लोकांवर मधल्या काळात केलेला खर्च म्हणून एक कोटी वीस लाख वजा केले. उरलेल्या पन्नास लाखांची वाटणी झाली तेव्हा माणशी दीडशे डॉलर आले. ही वजावट कुठल्या तहातल्या कुठल्या कलमाखाली केली, याचा एक कागद मला त्या फाइलीत लावून हवा आहे. तह तर तुम्हीच नामंजूर केले होते.